गणपूर्तीअभावी सभा तहकूब



परभणीत घर म्हणजे स्वतःचा प्लॉट, पुढं अंगण आणि दारात कडुनिंब, असं मानणारी पिढी अजून आहे. पण वसमत रोडनं किंवा जिंतूर रोडनं निघालात तर फ्लॅटच्या इमारती दिसतात. तिथं फ्लॅट आपला असतो. जिना, गच्ची, बोअर आणि पाण्याची टाकी मात्र सगळ्यांची. या सगळ्यांच्या वस्तूंचा कारभार सोसायटीची व्यवस्थापक समिती पाहते.

सोसायटीची कल्पना जुनीच. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली; तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. आज या संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालतात. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरणच घातलं गेलं.

आता भांडणाकडे येऊ. तळमजल्यावरच्या काकू विचारतात, "आम्ही लिफ्टमध्ये पाय तरी ठेवतो का? मग पैसे कशाचे?" प्रश्न रास्त वाटतो. आदर्श उपविधींचं उत्तर मात्र वेगळं आहे : लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्या सभासदांवर सारखा. सफाई, वॉचमन, जिन्यातले दिवे यांचं सेवाशुल्कही फ्लॅट लहान असो की मोठा, सारखंच. पाण्याचा आकार मात्र ज्याच्या घरात जितके नळ आणि जेवढे मोठे, त्या प्रमाणात. उन्हाळ्यात बोअर आटून टँकर सुरू झाला, की यावरूनच जिन्यात आवाज चढतात. उपविधींची पुस्तिका सचिवांच्या कपाटात असते आणि ती उघडून दाखवायचं कुणाला सुचत नाही. निम्मे वाद तिथंच मिटावेत, असं मला वाटतं.

थकबाकीदाराचं असंच. पैसे दिले नाहीत म्हणून त्याचं पाणी तोडायला निघणारे उत्साही अध्यक्ष असतात. त्यांनी थांबावं. निबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवण्याची रीतसर वाट कायद्यात आहे. ती लांबची आहे खरी, पण समितीला शिक्षा देण्याचा परवाना कुणी दिलेला नाही.

मग समितीला अधिकार येतात कुठून? सर्वसाधारण सभेतून. आणि खरी गंमत इथंच आहे. सभेची नोटीस वाचलीत? सभा सकाळी दहाला. खाली बारीक अक्षरात, गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी भरेल, त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. दहा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या आणि चार माणसं. साडेदहाला सहा. तीच सहा माणसं रंगाचं काम कुणाला द्यायचं ते ठरवतात, दुरुस्ती निधी किती घ्यायचा तेही ठरवतात, आणि ते सगळ्यांवर बंधनकारक होतं. बाकीचे गॅलरीतून बघत असतात. पुढं वर्षभर "समितीनं खाल्ले" म्हणायला हेच पुढं! पैसे खाणारे नसतातच असं नाही. पण खाणाऱ्याला रिकाम्या खुर्च्या फार सोयीच्या पडतात.

समितीलाही एक सांगणं आहे. सभासदानं हिशेब मागितला की "आमच्यावर विश्वास नाही का?" असं विचारू नका. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पाहण्याचा हक्क त्याला कायद्यानंच दिलाय. टँकरची बिलं महिन्याच्या महिन्याला फलकावर लावलीत तर मागायची वेळही येणार नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी मिळायला हवी. ती हातात पडली की आधी ताळेबंद मागून घ्या, वाचा, आणि यंदा पहिल्या वेळेलाच खाली उतरा. साडेदहाची वाट पाहू नका.