काळ्या पडद्यावरची वही

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

कवीनं कॉम्प्युटरवर बोलावं हे जरा गमतीचंच आहे. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. पंचवीस-तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या कचेरीत बिल्ट्या लिहिण्यात गेली. रात्री रोडपालीच्या घरी आलो, बाहेरचे ट्रकचे हॉर्न जरा निवले, की कविता. पण गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्री कॉम्प्युटरनं मला जे शिकवलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

आधी त्या वहीविषयी. माझी अम्मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडी मराठी ओवी यायची. उतारवयात तिनं त्या ओव्या एका शंभर पानी वहीत उतरवून ठेवल्या. अक्षर मोठं, रेघेला न जुमानणारं. 2003 साली मी एका सायबर कॅफेत त्यातली बावीस पानं स्कॅन करून घेतली. दोन वर्षांनी, 26 जुलै 2005 ला, कळंबोलीत पाणी भरलं. आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहत होतो. वही गेली. सीडी कपाटावर होती म्हणून वाचली, पण पुढे तिलाही बुरशी धरली. राहिली ती कॉम्प्युटरवरची प्रत. दुसरी प्रत काढून ठेवायची अक्कल मला नव्हती, हे कबूल करतो.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं 1991 साली सुरू केलेली ही प्रणाली. फुकट मिळते आणि जुन्या मशीनवरही चालते, म्हणून भाच्यानं ती बसवून दिली. त्या रात्री अपडेट चालू असताना वीज गेली. पुन्हा आली तेव्हा खिडक्या, चित्रं, माउसचा बाण, सगळं गायब. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘लॉगिन’, पुढे लुकलुकणारी एक रेघ. आणि दुसऱ्या दिवशी कराडला भाचीची हळद. धाकट्या बहिणीनं महिनाभर आधी बजावलं होतं, ‘‘भाईजान, अम्मीच्या हळदीच्या ओव्या घेऊन या. बाया म्हणणार आहेत.’’ मी पहाटेच्या एसटीनं निघणार होतो. कॉम्प्युटर काही एसटीत घालून नेता येत नाही. पेन ड्राइव्हवर उतरवून बाहेर का नेलं नाही, असं कुणी विचारेल. बाहेर गुडघाभर पाणी होतं, आणि कोणत्या फायलीत काय आहे हेच मला कळत नव्हतं.

भाच्याला फोन लावला. मागे मांडवातला गलका. तो म्हणाला, ‘‘मामू, घाबरू नका. डेस्कटॉप गेलाय, फोटो गेले नाहीत. आणि फोटो बघायला डेस्कटॉप लागतच नाही.’’

मला हे पटेना. चित्र म्हटलं की खिडकी, चौकट, वर कोपऱ्यात फुली, हीच आपली सवय. त्यानं मला नाव आणि पासवर्ड टाइप करायला लावला. (पासवर्ड लिहिताना पडद्यावर चांदण्यासुद्धा उमटत नाहीत. मला वाटलं कीबोर्डही गेला.) मग फायलींची यादी मागवली, तर नावांच्या जागी नुसते चौकोन! मी हौसेनं सगळी नावं मराठीत दिली होती. भाचा म्हणाला, या काळ्या पडद्याच्या फाँटमध्ये फार तर 512 अक्षरचिन्हं मावतात, आणि जोडाक्षर, वेलांटी जुळवणं त्याला येत नाही. मराठीचं हे दुखणं जुनंच. पुण्यात 1988 साली सी-डॅक सुरू झाली. तिचं ‘जिस्ट’ नावाचं कार्ड मशीनमध्ये बसवावं, तेव्हा कुठे डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसे. माझ्या मशीनमध्ये तसलं काही नव्हतं. मराठीतला कवी, मराठीतल्या ओव्या, आणि समोर चौकोनांची रांग.

आधी त्यानं एक गंमत करून बघितली. चित्राचं अक्षरांत रूपांतर करणारा एक प्रोग्रॅम असतो. गडद जागी भरीव अक्षर, फिकट जागी टिंब. मुंबईच्या चंद्रकांत भिडे यांनी टाइपरायटरच्या अक्षरांतून काढलेली चित्रं तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील, त्याच जातीची युक्ती. चेहरा असता तर ओळखू आला असता. पण अम्मीचं पान म्हणजे स्वल्पविराम आणि टिंबांची नुसती खिचडी झाली. अक्षरांची अक्षरं करायला गेलं की असं होतं.

मग तो म्हणाला, ‘‘आता एफबीआय.’’ मी दचकलो. अमेरिकेचे पोलीस नव्हेत हो, फ्रेमबफरवर चित्र दाखवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमचं ते नाव आहे. त्यानंच तो पूर्वी कधीतरी बसवून ठेवला होता.

हा फ्रेमबफर काय ते मला त्याच रात्री कळलं. पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. माझ्या जुन्या मॉनिटरवर आडवे 1024 आणि उभे 768, म्हणजे 7,86,432 ठिपके. मशीनच्या स्मृतीत प्रत्येक ठिपक्यासाठी चार बाइटांचं घर राखलेलं असतं, एकूण 31,45,728 बाइट. त्या घरात रंगाचा आकडा टाकला की पडद्यावर तो ठिपका त्या रंगाचा होतो. लिनक्समध्ये हा सगळा कप्पा एखाद्या फायलीसारखा समोर असतो. त्यात भलतेसलते आकडे ओतले तर पडदाभर रंगीत मुरमुरे उडतात. फोटोतले आकडे नीट मांडले तर फोटो दिसतो. खिडक्या आणि चौकटी दाखवणारी डेस्कटॉपची यंत्रणा आपली जागी राहिली, तिला उठवावंच लागत नाही. काही लिनक्स मशिन सुरू होताना वरच्या कोपऱ्यात पेंग्विन दिसतात, प्रत्येक प्रोसेसरमागे एक, तेही याच वाटेनं येतात. डेस्कटॉप उठायच्या आधी.

मी म्हटलं, तू कराडहूनच का नाही करत? तो म्हणाला, ‘‘मामू, चित्र उमटणार तुमच्या पडद्यावर. बोटं तुमचीच लागतील.’’ मग फोनवर एकेक अक्षर. एफ, बी, आय, जागा सोडा, मग तारा, टिंब, जेपीजी. तारा म्हणजे ‘असतील नसतील तेवढी सगळी’. नावं वाचता येत नसली तरी चालतं. पहिल्यांदा मशीननं परवानगी नाकारली, कारण पडद्याच्या त्या कप्प्यात कुणीही हात घालू नये असा नियम असतो. तेव्हा पुढे ‘सुडो’ हा शब्द लावला, पुन्हा पासवर्ड दिला, एन्टर दाबलं.

पडदा क्षणभर रिकामा झाला आणि मग पिवळा पडला. पिवळा, आडव्या निळ्या रेघा, आणि मधोमध केवढा तरी मोठा एक ‘ळ’. पान पडद्याहून मोठं होतं, त्याचा नुसता कोपरा दिसत होता. मी फोनवर बोलायचंच विसरलो. भाचा ओरडत होता, ‘‘दिसलं का? ‘ए’ दाबा, ‘ए’!’’ ‘ए’ दाबल्यावर पान आक्रसून पडद्यात बसलं. अख्खं पान. ज्या पडद्याला मराठीतला एक ‘क’ काढता येत नव्हता, त्याच्यावर अम्मीच्या हातचं मराठी, काना-मात्रेसकट. त्याला ते वाचता येत नव्हतं, तो आपले ठिपके रंगवत होता. वाचणारा मी होतो.

‘पेज डाउन’ दाबत पुढे गेलो. शेतीच्या ओव्या, भावाच्या, पंढरीच्या वाटेच्यासुद्धा. त्या तिनं का गायल्या, असं आमच्यात कुणी कधी विचारलं नाही. नवव्या पानापासून हळद. अधिकच्या खुणेनं अक्षर मोठं करायचं, बाणाच्या बटणांनी पान सरकवायचं, आणि मोबाइलनं पडद्याचा फोटो काढायचा. मोबाइलच्या फोटोत आडवे पट्टे येत होते, ते दिवा मालवल्यावर जरा कमी झाले. चार पानांचे अकरा फोटो झाले. ते व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवले आणि ‘क्यू’ दाबलं. पडदा पुन्हा काळा, रेघ पुन्हा लुकलुकू लागली.

रात्री एकच्या सुमाराला बहिणीचा फोन आला. म्हणाली, ‘‘भाईजान, नवव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात डाग आहे. पुराच्या पाण्याचा का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही गं. पान स्कॅन केलं 2003 मध्ये, पूर आला 2005 ला. हळदीचाच आहे.’’