बांधावरचा मोह



घरचं ज्वारीचं बी आपण एका कणसाचं धरत नाही. पन्नास कणसं निवडतो, कारण एक ताणात टिकतं, दुसरं किडीत. जंगलाचंही तेच.

मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत मोह आहे. त्याचं परागण रात्री वटवाघळं करतात. फुलात स्त्रीकेसर आधी पिकतो, पराग मागून सुटतो. दुसऱ्या झाडाचा पराग मिळाला तर फळ चांगलं धरतं. रस्ते, धरणं, खाणी, शेतं (हो, आपलीही) आली, जंगलाचे तुकडे पडले. वटवाघूळ लांब उडतं, पण सागाच्या फुलावरच्या बारीक माशीला ते झेपत नाही. मग तुकड्यातली दहा-वीस झाडं भावकीतच सोयरीक करतात. रोपं दुबळी निघतात, काही गुण कायमचे गळतात.

नुकसान लगेच दिसत नाही. शंभर वर्षांचा मोह तुकडे पडण्याआधीचा, त्याच्यात जुने गुण शाबूत. उणीव खालच्या रोपांत. अन् रोपं तरी कुठं उरतात? फुलं वेचायला पाला जाळतात, वाचलेलं ढोरं खातात.

बांधावरचा मोह दोन तुकड्यांना जोडतो. पण १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं आपल्याच बांधावरचा मोह तोडायला परवानगी लागते. त्या धास्तीनं शेतकरी रोपटंच उपटतो. राखणाऱ्याला झाडाचा हक्क द्या, ही आमची मागणी आहे.

रोपं करायची तर टोळ एका झाडाखालचे घेऊ नका. लांबलांबच्या वीस-पंचवीस झाडांचं बी मिसळा. ते फार दिवस टिकत नाही. गोळा केलं की लगेच पेरा.