चिखलाने जपलेला शिंपला
(विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण)



आठवीतील एका मुलीने मला विचारले, "सर, जीवाश्मात फक्त कठीण भागच उरतो का?" मी बी.ए. झालेला, माझे विज्ञान पाठ्यपुस्तकापुरते. मी ठामपणे "हो" म्हणालो. ते उत्तर चुकीचे होते.

कॅनडातील डोंगरात बर्जेस शेल नावाचा खडक आहे. शेल म्हणजे बारीक चिखल दाबला जाऊन झालेला पापुद्र्यांचा दगड. १९०९ साली चार्ल्स वॉलकॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाला तेथे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे समुद्री प्राणी सापडले. त्यांत ब्रॅकिओपॉडही आहेत. हे दोन शिंपल्यांत राहणारे प्राणी; दिसायला कालवासारखे, पण त्या वर्गातले नव्हेत.

एरवी असा प्राणी मेला की मांस कुजते, शिंपला तेवढा उरतो. येथे मात्र वाहत आलेल्या चिखलाने त्यांना एकदम गाडले. आत प्राणवायू जवळजवळ नसल्याने कुजणे मंदावले. म्हणून मायक्रोमिट्रा या चिमुकल्या ब्रॅकिओपॉडच्या शिंपल्याच्या कडेचे केसासारखे तंतूही दगडावर दिसतात. काही तर ज्या स्पंजावर जगले, त्याला अजून चिकटलेले आहेत.

हे वाचल्यावर मी वर्गात उभा राहून माझी चूक सांगितली. ती मुलगी हसली नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला.

पालकहो, मुलांच्या प्रश्नांना "गप्प बस" म्हणू नका. आणि विद्यार्थ्यांनो, उत्तर शिक्षकाचे असले तरी पडताळून पाहा.