पाण्याखालचे छायाचित्र आणि आपला श्वास



स्टुडिओत जाऊन ज्यांनी कधी फोटो काढून घेतला असेल त्यांना फोटोग्राफरची एक सूचना आठवत असेल : "आता जरा श्वास रोखून धरा." कळ दाबताना तो स्वतःही श्वास रोखतो, हात हलू नये म्हणून. जमिनीवर ही सवय चांगली. परंतु पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणाऱ्या माणसाच्या ती जिवावर बेतू शकते; आणि पंचाईत अशी की, पाण्याखाली चांगले चित्र मिळवण्याचा मोह माणसाला नेमका तिकडेच ओढतो. म्हणून आज मी बोलणार आहे ते मुख्यतः श्वासाविषयी. कॅमेरा ओघाने येईल तेवढा येईल.

हा छंद वाटतो तितका नवा नाही. १८९३ साली लुई बूताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने बान्यूल्सच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी त्याच्या भावाच्या मदतीने तयार झाली होती. नुसत्या उन्हावर एकेका चित्राला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे. मग त्याने पिंपावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा ठेवून त्याच्या ज्योतीत मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची युक्ती केली! पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लॉरिडाच्या समुद्रात माशांची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तीही वर तराफ्यावर मॅग्नेशियमचा भडका उडवून. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवर वाहून नेण्याचे श्वसनयंत्र सिद्ध केले आणि पाणबुड्या माशासारखा मोकळा झाला. मात्र या मोकळेपणाबरोबर एक नवी अडचण आली. जड पोशाखातला बूताँ तळावर पाय रोवून उभा राही आणि त्याचा कॅमेरा तिवईवर असे. आपण मात्र अधांतरी!

आता पाण्याचा स्वभाव पाहू. पाणी प्रकाश गिळते, आणि सर्वांत आधी तांबडा गिळते. दहा मीटर खाली गेले की तांबडा रंग जवळजवळ नाहीसा होतो. बोट कापले तर रक्त हिरवट-काळे दिसते. नवशिक्याला वाटते, खोली तेवढी मोजली की झाले. तसे नाही. माशापासून भिंगापर्यंतचे पाणीही त्यात मिळवले पाहिजे. पाच मीटर खोलीवर तीन मीटर दूरचा मासा टिपलात, तर प्रकाशाने आठ मीटर पाणी कापलेले असते. फ्लॅशचा उजेड तर जातो आणि परत येतो, म्हणजे अंतर दुप्पट. शिवाय मधल्या पाण्यात गाळाचे कण तरंगत असतात. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात धुके दाटले असता मोटारीचा मोठा दिवा लावून पाहा. रस्ता दिसत नाही, पांढरी भिंत दिसते. कॅमेऱ्याला चिकटलेला फ्लॅश पाण्यात हेच करतो. तो दांडीवर बाजूला, हातभर दूर धरावा हे खरे. पण खरा उपाय एकच : जवळ जा. पाण्यात वस्तू आहे त्याहून पाव अंतराने जवळ भासते, तेव्हा पुरेसे जवळ आलो असे वाटले की आणखी थोडे पुढे सरकावे. आणि वरून टिपू नये. माशाची पाठ तळाच्या रंगात मिसळून जाते; त्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून, डोळ्यावर नेम धरावा.

जवळ जायचे, आणि इथेच श्वासाची गाठ पडते. उच्छ्वासाचे बुडबुडे खळखळत निघाले की मासा पळतो. म्हणून माणूस श्वास आत घेतो आणि धरून ठेवतो. भरलेली छाती म्हणजे फुगा. शरीर वर उचलले जाते, आणि दृष्टी कॅमेऱ्यात अडकलेली असल्यामुळे ते कळतही नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथली कोंडलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटते. त्यासाठी दहा मीटर वर यावे लागते असेही नाही. वरच्या थरात एखाद-दोन मीटरची उसळीही पुरते.

मग करायचे काय? दुरूनच सावकाश श्वास सोडून घ्यावा, हळूच पुढे सरकावे, आणि मंदपणे श्वास आत घेत असताना कळ दाबावी. त्या वेळी बुडबुडे नसतात आणि घशाचा मार्ग मोकळा राहतो. चित्र साधले नाही तर तसेच मागे सरून पुन्हा यावे. मासा पळाला तर पळू द्यावा.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेले नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एका फुलपाखरी माशामागे लागलो होतो. श्वास धरला, वर गेलो, घाबरून एकदम सोडला आणि खाली आलो तो पोवळ्यावर. पायातल्या वल्ह्याच्या फटक्याने बोटभर तुकडा निघाला. गोळीव जातीचे पोवळे वर्षाला बोटाच्या पेराइतकेही वाढत नाही. बरोबरच्या मालवणी पाणबुड्याने वर आल्यावर एवढेच म्हटले, "कॅमेरो ठेवा माका, आधी तरंगूक शिका." छायाचित्र अस्पष्टच आले होते, हे सांगायला नकोच.

मी ते ऐकले. तीन महिने आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावात, शिक्षकाच्या नजरेखाली, तळाशी तांब्या ठेवून त्याच्यासमोर वीतभर अंतरावर तरंगत राहिलो. हात न हलवता, तळाला न टेकता, श्वास अखंड चालू ठेवून. पहिले दोन आठवडे तांब्याला धडकण्यातच गेले. नंतर कॅमेरा हाती घेतला. माझे पहिले चांगले जलचित्र त्या तांब्याचेच आहे. घरी ते कोणालाच आवडत नाही.