जुनी आलिशान मोटार : किंमत आणि खर्च



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा त्या व्यासपीठावरून पुढे कोणी जुन्या मोटारीविषयी बोलेल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. तेव्हा आजच्या विषयाने कोणाची निराशा झाली असेल, तर मी आधीच क्षमा मागतो. परंतु घरचा पैसा कोठे जातो हा प्रश्न रानड्यांना कधीच क्षुल्लक वाटला नाही, आणि लासलगावच्या माणसाला तर तो मुळीच क्षुल्लक वाटू नये. एका हंगामाची कमाई पाहता पाहता एका यंत्रात कशी विरघळते, याचा हिशेब मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. हा हिशेब पुस्तकी नाही. त्यात माझे स्वतःचे पैसे गेले आहेत.

काही वर्षांपूर्वी मला मोह झाला. एक अकरा वर्षांची जर्मन बनावटीची डिझेल मोटार मुंबईत विक्रीला होती. नवी असताना तिला साठ लाखांच्या आसपास मोजावे लागले असते. मला ती साडेनऊ लाखांत मिळत होती. त्याच पैशात साधी नवी मोटार येत होती. पण तिला ना ती चामड्याची आसने, ना तो दार मिटतानाचा भारदस्त आवाज! घरात मी मोठ्या अक्कलहुशारीने सांगितले, "पहिल्या मालकाने पन्नास लाख बुडविले, आपण ते वाचविले." सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "त्याने का विकली?" या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यात माझे दीड वर्ष गेले.

माझी वही सांगते ती अशी. चार टायर, ७२,००० रुपये. बॅटरी, ३०,०००. पुढच्या चाकांवरचे हवेचे दोन फुगे आणि त्यांत हवा भरणारा पंप, २,१०,०००. गियरपेटीचे तेल व गाळणी, ४२,०००. ब्रेकच्या तबकड्या व पॅड, ६८,०००. विमा, ३८,०००. एकूण ४,६०,०००. दीड वर्षाने मी ती साडेपाच लाखांना विकली, म्हणजे किमतीत चार लाख गेले. दोन्ही मिळून ८,६०,००० झाले. त्या काळात गाडी ११,००० किलोमीटर चालली. भागाकार करा : किलोमीटरला अठ्ठ्याहत्तर रुपये, आणि त्यात डिझेलचा थेंबही धरलेला नाही! आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझ्या घरी मसाला शिजला, कोंबडी मात्र दुसऱ्याच्या दारी गेली. हे आकडे माझ्या गाडीचे. दुसऱ्याचे कमी असतील किंवा जास्तही असतील. पण त्यांमागचे कारण सर्वांना सारखेच लागू आहे, आणि तेच आज सांगावयाचे आहे.

ते कारण एका वाक्यात असे : मोटार जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. साठ लाखांची गाडी नऊ लाखांना मिळाली, तरी तिचा दिवा साठ लाखांच्या गाडीचा, तिचे गियर साठ लाखांच्या गाडीचे, आणि तिला हात लावणाऱ्या कारागिराची मजुरीही त्याच तोलाची. आपण दाराशी प्रवेशमूल्य तेवढे कमी देतो; आतला थाट मात्र पहिल्याच मालकाच्या ऐपतीने चालू राहतो.

आता हे भाग नादुरुस्त का होतात, तेही पाहू. हवेचे फुगे रबराचे असतात. रबर ऊन, धूळ आणि वयाने चिरते. बारीक गळती सुरू झाली की पंप ती भरून काढण्यासाठी पुन्हा पुन्हा धावतो, आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे एका चिरेने दोन बिले होतात. आपोआप बदलणाऱ्या गियरच्या तेलाविषयी पुष्कळदा सांगतात की ते जन्मभर पुरते. पण तेल तापून झिजतेच, आणि जुन्या गाडीत ते बदललेले नसेल तर त्याचा भुर्दंड नव्या मालकाच्या माथी येतो. अलीकडच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. लांब पल्ल्यावर, एका वेगाने, बराच वेळ गाडी चालली म्हणजे ती तापते आणि काजळी जळून जाते. घरापासून बाजार समितीपर्यंत आणि तेथून घरी, एवढीच ज्या गाडीची फेरी, तिची गाळणी तुंबणार. म्हणजे गाडी कमी वापरली की कमी झिजते, हा आपला समजही येथे खोटा ठरतो.

शिवाय आपले गाव! पुण्यात १९९५ पासून मर्सिडीज जोडल्या जात आहेत, २००९ पासून तो कारखाना चाकणला आहे. औरंगाबादजवळ शेंद्र्याला २००७ पासून ऑडी जोडली जाऊ लागली. आलिशान मोटार महाराष्ट्राला काही परकी नाही. पण ती महाराष्ट्रात जुळते म्हणून लासलगावच्या नाक्यावर दुरुस्त होत नाही. आपला मिस्त्री हुशार आहे. ट्रॅक्टरचे इंजिन तो डोळे मिटून उघडील. परंतु या गाडीत दोष कोठे आहे हे आधी संगणकाला विचारावे लागते, आणि कित्येक भाग नवे बसविल्यावर गाडीला त्यांची ओळख करून द्यावी लागते. ती सोय साठ किलोमीटरवर नाशिकला, नाही तर पुण्याला. गाडी रस्त्यात थांबली तर तिला सपाट तळाच्या ट्रकवर घालून न्यावे लागते. त्या ट्रकचे भाडे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते.

विम्याचेही असेच. विमा कंपनी गाडीची किंमत आजच्या बाजाराप्रमाणे धरते. अपघातात प्लास्टिक, रबर, टायर व बॅटरी यांच्या बिलातून निम्मी रक्कम घसारा म्हणून वजा होते, आणि गाडी जुनी होत जाते तशी धातूच्या भागांवरही घट वाढत जाते. ही घट माफ करणारा जादा विमा जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातील किमतीच्या पाऊण हिश्शाच्या वर गेला, तर गाडी संपूर्ण नुकसानीत धरण्याची प्रथा आहे. सहा लाखांच्या गाडीला साडेचार लाखांची दुरुस्ती यायला पुढचे दोन दिवे, रेडिएटर आणि बॉनेट एवढे पुरते. म्हणजे नव्या गाडीला जो किरकोळ अपघात, तोच जुनीला प्राणघातक!

आणखी एक वाट सध्या मोहाची झाली आहे, ती दिल्लीची. २०१४ व २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील सर्व आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आणली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ च्या जुलैमध्ये अशा गाड्यांना इंधनच न देण्याचा नियम आला आणि काही दिवसांत थांबविला गेला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांना अंतरिम दिलासा दिला. या धरसोडीत तिकडच्या पुष्कळांनी चांगल्या गाड्या पडत्या भावात काढून टाकल्या. त्या घेण्यात पाप नाही. पण परराज्यातील गाडीला तेथल्या आरटीओचे ना हरकत पत्र लागते, बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवली तर येथली नोंदणी घ्यावी लागते, आणि येथला कर वेगळा. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीला ६०० वरून ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये झाले. आणि विकणाऱ्यांनीही ऐकावे : गाडी तुमच्या नावावर आहे तोवर तिच्या अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात पडू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. किल्ली दिली म्हणजे जबाबदारी दिली असे होत नाही.

श्रोतेहो, हे सारे तुम्हाला मी शिकवावे हे खरे म्हणजे हास्यास्पद आहे. येथे ट्रॉलीसमोर उभा राहणारा व्यापारी कांदा मुठीत घेऊन दाबतो, वास घेतो, आणि तरीही मनात म्हणतो की हा वरचा माल झाला, तळचा खळ्यावर कळेल. उन्हाळी कांदा चाळीत भरणारा शेतकरी आजचा भाव पाहून थांबत नाही. घट किती, सड किती, मजुरी किती, हे धरून तो बोलतो. ट्रॉली अगदी पडत्या भावात उभी असेल आणि दहा जण न बोलता पुढे गेले असतील, तर अकरावा आनंदाने उडी मारीत नाही. तो विचारतो, काय झाले आहे? मग मोटारीसमोर हेच शहाणपण कोठे जाते? साठ लाखांची वस्तू बाजार नऊ लाखांना देतो, तेव्हा बाजार मूर्ख नसतो. पुढच्या दुरुस्त्या त्याने आधीच वजा केलेल्या असतात. सूट म्हणून जे दिसते, ते आपल्याला भरावयाचे बिल असते.

आणि आपली मिळकत कशी आहे? ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लागू झाली आणि येथले भाव कोसळले. ती उठायला ४ मे २०२४ उजाडला. ज्याने चांगल्या हंगामाच्या जोरावर अशी गाडी घेतली असेल, त्याला त्या पाच महिन्यांत पंप जळला म्हणून कांद्याने थांबून दाखविले नसेल. गाडीचा खर्च आपला हंगाम पाहून येत नाही. खरा धोका येथे आहे. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा विहिरीसाठी ठेवलेला पैसा चांगल्या वर्षी कोणी मोटारीत घालीत नाही. वाईट वर्षी मात्र तो आपोआप तिकडे जातो, कारण बंद गाडी कोणी घेत नाही आणि दुरुस्त करावी तर पैसा घालावाच लागतो.

मग घेऊच नये काय? तसे मी म्हणत नाही. हौसेला मोल असते, आणि ते मोजण्याची ऐपत असेल तर जरूर मोजावे. माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवितो. एक : किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवा, ती नसेल तर गाडी परवडत नाही असे समजा. दोन : दुरुस्तीची जुनी बिले मागा, आणि त्यांवरील किलोमीटर गाडीच्या आकड्याशी ताडून पाहा. तीन : विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, आपल्या पैशाने आणलेला जाणकार न्या; इंजिन थंड असताना सुरू करून पाहा, आणि हवेच्या फुग्यांची गाडी रात्रभर उभी करून सकाळी एका बाजूला बसली आहे का ते पाहा. आसनाखालचा गालिचा उचलून ओल आणि गंज शोधा, कारण पुरात बुडालेल्या गाड्याही पुसून विकल्या जातात. चार : कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि थकलेले दंड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि पाचवी गोष्ट, जी मला माझ्याच घरात फुकट मिळाली होती आणि मी घेतली नाही. विकणाऱ्याला नव्हे, स्वतःला विचारा : "त्याने का विकली?" याचे उत्तर मिळेपर्यंत खिशातला हात खिशातच ठेवा.