वाळूचे बिऱ्हाड



पत्रिकेत आमच्या नावापुढे वाळूचा विषय पाहून आमच्या काही जुन्या सहकाऱ्यांची समजूत झाली, की आम्ही रेतीच्या ठेकेदारांवर बोलणार. तसे नाही. आज बोलायचे आहे ते काचेच्या टाकीतल्या वाळूविषयी. टाकी खाऱ्या पाण्याची, समुद्री मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवलेली. आणि प्रश्न असा, की घर बदलताना तिच्या तळच्या वाळूचे काय करावे? आम्ही सातवीत शाळा सोडली. या विषयातले आम्हांला जे कळते ते एका चुकीने शिकवले, आणि ती चूक आमची होती.

आमच्या संघटनेत गोदीतले एक निवृत्त फिटर आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तळमजल्याच्या खोलीत त्यांनी नऊ वर्षे चार फुटी टाकी सांभाळली होती. चाळ पुनर्विकासाला गेली आणि दोन दिवसांत संक्रमण शिबिरात बिऱ्हाड हलवायची वेळ आली. माणसांची बिऱ्हाडे हलवण्यात आमची हयात गेलेली. आम्ही रुबाबात म्हणालो, "अहो अण्णा, मासे बादलीत घ्या, दगड पिंपात घ्या, वाळू राहू द्या टाकीत तशीच. नऊ वर्षांची वाळू फेकायची कशाला?" अण्णा म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसं करू."

टेम्पो खड्ड्यांतून गेला. नव्या खोलीत टाकी मांडली, पाणी ओतले, तर पाणी ताकासारखे पांढुरके झाले आणि खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. संध्याकाळी मासे सोडले. पहाटे क्लाऊन माशांची जोडी तळाशी आडवी पडली होती. पुढच्या दोन दिवसांत प्रवाळही गळून गेले. प्रत्येक सर्वसाधारण सभेत आम्हांला चार शब्द सुनावणारे अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. ते आम्हांला फार लागले.

मग आम्ही वाचू लागलो. मासा अन्न खातो, घाण टाकतो, त्यातून अमोनिया होतो, आणि अमोनिया हे माशाला विषच. टाकीत हे विष साठत नाही, कारण सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हे काम करणारे जीवाणू विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. समुद्रात हेच काम करणारा, जीवाणूंहूनही निराळ्या कुळातला एक जीव २००५ साली शास्त्रज्ञांच्या हाती आला. तोही भर समुद्रातून नव्हे, तर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या मत्स्यालयातील टाकीच्या तळातून! म्हणजे लोक काचेबाहेरून मासे पाहत होते आणि खरी राबणारी मंडळी खाली खड्यांवर होती. आमच्यासारख्याला ही हकीकत आवडणारच.

पण वाळूत सगळेच थर सारखे नसतात. वरच्या थरात प्राणवायू पोचतो. खोल, न हलवलेल्या थरात तो पोचत नाही. तिथे घाण कुजते, वाळू काळी पडते आणि हायड्रोजन सल्फाइड धरून राहतो. जागेवर आहे तोवर तो थर निमूट असतो. ढवळला, की ते विष, कुजलेली घाण आणि तिचा अमोनिया एकदम पाण्यात येतात आणि पाण्यातला प्राणवायूही ओढून घेतात. आम्ही नऊ वर्षांचा गाळ खड्ड्यांच्या रस्त्याने घुसळला होता. शिवाय ओल्या वाळूसकट टाकी उचलली की काचेच्या जोडांवर ताण येतो तो वेगळाच. जोड टिकले, हे नशीब.

आणि गंमत अशी, की जिच्यासाठी हा खटाटोप केला त्या वाळूवाचून अडणार नव्हते. राबणाऱ्या सूक्ष्मजीवांची मोठी वस्ती सच्छिद्र दगडांत असते. दगड खाऱ्या पाण्यात ओले ठेवून नेले, तर जुनी वाळू बेधडक धुऊन काढावी, नाहीतर नवी घ्यावी. नऊ वर्षांची असेल तर आम्ही नवीच घ्या म्हणू. फार तर जुन्या वाळूच्या वरच्या थरातली वाटीभर घेऊन नव्या वाळूवर पसरावी.

नवी कोणती? दुकानदार अ‍ॅरॅगोनाइटची वाळू दाखवतो. ती चुन्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. लिंबाचा रस टाकला की फसफसते. वाळू चांगली, यात वाद नाही. पण ती पाण्याचा पीएच आपोआप सांभाळते हे बोलणे अर्ध्याहून अधिक विक्रीचे. टाकीतल्या ८.२ च्या आसपासच्या पीएचला ती जवळजवळ विरघळतच नाही. दाणा एक ते दोन मिलिमीटरचा, कडा बोथट असलेला घ्यावा. पिठासारखी वाळू प्रवाहाने उडते, खडीत घाण अडकते.

समुद्र आपल्या दारात आहे, तिथूनच दोन पोती आणू, असे पुष्कळांच्या मनात येते. आणू नये. शहराजवळच्या वाळूत तेल आणि सांडपाणी मुरलेले असते. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत लोह आणि टायटॅनियमचे इल्मेनाइट असते. प्रवाळाचे तुकडे गोळा करणे तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीत दीड इंच थर द्यायचा तर सुमारे बत्तीस किलो वाळू लागते. ती बादलीत अर्धी अर्धी घेऊन नळाखाली हाताने ढवळावी, गढूळ पाणी ओतून द्यावे, पुन्हा भरावे. पंधरा वेळा करावे लागले तरी करावे. शेवटचे पाणी आर.ओ.चे. (ओल्या पिशवीतून 'जिवंत' म्हणून मिळणारी वाळू मात्र धुवायची नसते.) मीठ कालवून पाणी आदल्या दिवशीच तयार हवे. दगड आधी काचेवर बसवावेत, वाळू मागाहून. नाहीतर खणणारा मासा दगडाखालची वाळू काढतो आणि दगड कोसळतो. पाणी ओतताना खाली ताटली ठेवावी. आणि तपासणीत अमोनिया शून्य दिसेपर्यंत नवा मासा आणू नये, मुले कितीही मागे लागोत.

अण्णांच्या शिबिरातल्या मोरीवर बत्तीस किलो वाळू आम्ही स्वतः धुतली. सकाळी आठला बसलो ते दुपारी दोनला उठलो. नळाला पाणी सकाळपुरतेच, म्हणून पिंपे भरून ठेवली होती. अण्णा दारात स्टूल टाकून बसले होते. दर बादलीला वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "अजून गढूळ आहे." टाकीत आता क्लाऊनची नवी जोडी आहे, दोन प्रवाळ आहेत. टाकीत हात मात्र ते आम्हांला अजून घालू देत नाहीत.