भरिताचं आवतण



खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना आमचा उन्हाळाच आठवतो. भुसावळचा मे महिना वर्तमानपत्रांत गाजतो. पण डिसेंबरात धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगूनही पटत नाही. एक पातळ स्वेटर घेऊन येतात आणि रात्री दुसरी गोधडी मागतात.

या थंडीतला शनिवार-रविवार कुणाच्या तरी शेतावर काढायचा, ही आमची जुनी चैन. चंपाषष्ठी झाली, चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं ताटात परत आलं, की आवतणं सुरू होतात. मी धुळ्याचा, माझे मित्र यावल तालुक्यातले, बामणोदकडचे. पारोळा, एरंडोल, जळगाव करत भुसावळ गाठायचं. तापीचा पूल ओलांडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी. त्यांच्या मळ्यातलं घर म्हणजे दोन खोल्या, पत्र्याखालचा ओटा, विहीर आणि एक निंबाचं झाड. हल्ली याला फार्महाऊस म्हणायची पद्धत आहे. म्हणोत बापडे.

तिथं गेल्यावर पाहुण्याला कुणी खुर्ची देत नाही. वहिनी म्हणतात, "आलात का? हात धुवा आणि वांगी पुसायला घ्या." वांगी हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातभर नसली तरी वीतभर नक्की. बिया कमी, गर भरपूर. जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. केळीलाही त्याच वर्षी. वांग्याला टोचे मारायचे, तेलाचा हात फिरवायचा आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर ठेवायचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येत नाही, यावर मी वाद घालायला तयार आहे. साल काळी पडून सुटली की वांगी टोपल्यात घालून झाकायची. वाफ जिरली की ओल्या बोटांनी साल काढायची, देठ मात्र ठेवायचं, ते धरून सोलायला बरं पडतं. मग लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायचं. हिरवी मिरची आणि लसूणही त्यातच. शेवटी तेलाची सढळ फोडणी, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. सोलताना गप्पा होतात त्या निराळ्याच. दोन्ही हात काळे झालेला माणूस मोबाईल काढू शकत नाही.

जेवण झालं की आम्ही शेकोटीभोवती पसरतो. पण यजमानाची सुट्टी तेवढीच. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि त्या आठवड्यात रात्रीची पाळी असली, तर आम्ही गोधडीत शिरत असताना भाऊ कानटोपी आणि बॅटरी घेऊन निघतात. शिवाय पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ खुंटते, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते, घड नीट भरत नाहीत. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून थंडीच्या रात्रीच बागेला पाणी द्यायचं. पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा. वारा अडवायला शेवरीची दाट ओळ आधीच लावलेली असते. मी एकदा सोबत गेलो होतो. ठिबकच्या नळ्यांवरून अडखळत चालणारा पाहुणा ही मदत नसते, हे भाऊंनी अगदी प्रेमाने सुचवलं. तेव्हापासून मी धुराच्या कामाला असतो. तिथं नुकसान करायला वाव कमी.

याच भागात, दहा-बारा किलोमीटरवर, फैजपूर. डिसेंबर 1936 मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर, आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या वस्तूंतून केलेली. खानदेशच्या ऐन थंडीत एवढी माणसं खेड्यात मुक्कामाला! भरीत किती जणांनी खाल्लं, देव जाणे.

आता जळगावात भरीत किलोवर तयार मिळतं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातं. सकाळी डबा उघडणाऱ्या खानदेशी पोराला त्यातही आनंद असतो, तो मी नाकारणार नाही. फक्त त्याला आवतण म्हणू नये. आवतणात काम ठरलेलं असतं, आणि परतफेडही. रविवारी निघताना वहिनी केळी, वांगी, हरभऱ्याचे डहाळे गाडीत भरतात आणि विचारतात, "मग आमचं केव्हा?" आमच्याकडे पांझरेकाठी दादर ज्वारीचा हुरडा धरायला लागला की त्यांनी यायचं आहे. गोवऱ्या रचून ठेवतो, असं मी कबूल केलंय. कणसं चोळायला मात्र त्यांनाच बसवणार.